चिठ्ठी अस्सल, ब्रोच नकली : इंग्लंडमधील एका लिलावाचा अनुभव

इंग्लंडमधील एका लिलावात मला विकण्यात आलेला रोमन ब्रोच नकली निघाला. मात्र त्याला दोऱ्याने बांधलेली जुनी चिठ्ठी पूर्णपणे अस्सल होती. फसवणुकीचे सारे कसब या चिठ्ठीत होते, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. लंडन आणि आसपासच्या मराठी मंडळींपैकी काही जण अलीकडे मातीचे दिवे, काचेच्या अत्तरदाण्या, अंगठ्या, ब्रोच अशा छोट्या रोमन वस्तू ऑनलाइन लिलावांतून घेऊ लागले आहेत, आणि बोली लावण्यापूर्वी त्यांतील बहुतेकांचा प्रश्न एकच असतो : कागद आहेत ना? माझ्या बाबतीत कागद होते.

वस्तू होती ट्रम्पेट ब्रोच. रोमन काळात झगा किंवा शाल खांद्यावर अडकवण्यासाठी स्त्रीपुरुष जे ब्रोच वापरत, ज्यांना अभ्यासक फिब्युला म्हणतात, त्यांतला हा खास ब्रिटनमधील प्रकार इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात आणि दुसऱ्या शतकात प्रचारात होता. त्याचे डोके तुतारीच्या तोंडासारखे पसरट, कमानीच्या मध्यावर पानांची नक्षी असलेली गाठ, आणि डोक्यामागे तारेची स्प्रिंग, जिच्यातून पुढे टाचणी निघते. जमिनीत सापडलेल्या बहुतेक ब्रोचांच्या टाचण्या तुटलेल्या असतात आणि असे नग तीसचाळीस पौंडांतही मिळतात. स्प्रिंग आणि टाचणीसह पूर्ण, हिरव्या गुळगुळीत पॅटिनाचा, म्हणजे काळाने धातूवर चढलेल्या थराचा, नग मात्र काहीशे पौंडांना जातो. कॅटलॉगात माझ्या लॉटचे वर्णन नेमके असेच होते, आणि त्याखाली ओळ होती : ‘1970 पूर्वी जमवलेल्या जुन्या इंग्लिश खासगी संग्रहातून, संग्राहकाच्या मूळ चिठ्ठीसह.’

या 1970 सालाचे महत्त्व ठाऊक नसेल तर ही ओळ किती गोड आहे हे लक्षात येणार नाही. सांस्कृतिक वस्तूंच्या बेकायदा व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार त्या वर्षी झाला. ब्रिटनने तो 2002 मध्ये स्वीकारला असला, तरी बाजारात रेघ ओढली गेली ती 1970 वरच. त्याआधी एखादी वस्तू संग्रहात होती असे दाखवता आले, की तिची किंमत वाढते आणि गिऱ्हाइकाची शंका कमी होते. खोटेपणा करणाऱ्यालाही हे आपल्याइतकेच, किंबहुना अधिक, ठाऊक असते.

हातोडा 420 पौंडांवर पडला. त्यावर 25 टक्के बायर्स प्रीमियम (लिलावगृह खरेदीदाराकडून घेते ते शुल्क) म्हणजे 105 पौंड, प्रीमियमवर 20 टक्के व्हॅट म्हणजे 21, आणि ज्या संकेतस्थळावरून बोली लावली त्याचे 5 टक्के व्हॅटसह 25 पौंड 20 पेन्स. असे एकूण 571 पौंड 20 पेन्स झाले, टपालखर्च वेगळा. हा हिशेब मुद्दाम देत आहे, कारण परतफेडीची वेळ आली तेव्हा यातला प्रत्येक आकडा वेगळ्या माणसाच्या खिशात गेलेला निघाला.

ब्रोच हाती आला तेव्हा प्रथमदर्शनी खटकण्यासारखे काही नव्हते. खटकले ते दहापट भिंगाखाली. अस्सल ट्रम्पेट ब्रोचची स्प्रिंग वेगळ्या तारेची, वेटोळी वळून, डोक्यामागच्या छोट्या कानाला अडकवलेली असते. गंजाने वेटोळी एकमेकांना चिकटली तरी त्यांच्या मधल्या फटी तिरकस उजेडात ओळखू येतात. इथे फटी नव्हत्याच. एका सलग नळकांडीवर आडव्या रेघा ओढून वेटोळ्यांचा भास निर्माण केला होता. म्हणजे ब्रोच आणि स्प्रिंग एकाच साच्यातून एकत्र ओतलेली होती, आणि जी स्प्रिंग दबू शकत नाही तिची टाचणी कोणत्याही रोमन माणसाला कधी उघडताही आली नसती. पसरट डोक्याच्या आतल्या बाजूला टाचणीच्या अग्राएवढे गोल खड्डे होते. गंज धातू खातो तेव्हा खड्डे वेडेवाकडे पडतात. असे वाटोळे, गुळगुळीत कडांचे खड्डे ओतकामात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांचे असतात.

यानंतर कापसाच्या बोळ्यावर अॅसिटोन घेऊन ब्रोचच्या मागच्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी, हलकेच फिरवले. जुन्या संग्रहातील वस्तूंवर कधीकधी लाखेचा किंवा मेणाचा थर दिलेला असतो आणि तोही असा निघतो, म्हणून नुसता बोळा मळला एवढ्यावर निष्कर्ष काढू नये. पण शतकानुशतके तयार झालेली खनिज पॅटिना अॅसिटोनने विरघळत नाही. माझा बोळा पोपटी झाला आणि खालून पिवळाजर्द धातू डोकावला.

एका परिचिताच्या प्रयोगशाळेत एक्सआरएफ, म्हणजे क्ष-किरणांनी धातूतील घटक मोजणाऱ्या, यंत्राखाली त्या उघड्या जागेची तपासणी झाली, तेव्हा जस्ताचे प्रमाण 36 टक्क्यांच्या आसपास आले. रोमन कारागीर तांबे, जस्ताचे खनिज आणि कोळसा बंद मुशीत तापवून पितळ बनवत. त्या पद्धतीत तांब्यात साधारण 28 टक्क्यांहून अधिक जस्त मुरत नाही, आणि जमिनीत राहिल्यावर पृष्ठभागावरचे जस्त उलट कमीच होते. (जस्ताची वाफ पकडून शुद्ध धातू मोठ्या प्रमाणावर गाळण्याची विद्या आपल्याकडे राजस्थानातील जावर येथे विकसित झाली, तीही रोमन काळानंतर कित्येक शतकांनी.) मात्र उलट बाजूने पाहिले तर ही चाचणी तितकी भरवशाची नाही : जुन्या धातूचे भंगार वितळवून कोणी ओतकाम केले, तर यंत्र सारे काही रोमन असल्याचेच सांगेल.

आता चिठ्ठीकडे येतो, कारण ब्रोच ओळखणे सोपे होते आणि चिठ्ठी ओळखणे अवघड. पिवळट जाड कागद, भोकाला गंजलेली धातूची कडी, तपकिरी पडलेली शाई, आणि सुरेख वळणदार अक्षरात : रोमन ब्रोच, सायरेन्सेस्टरजवळ सापडला, लांबी सव्वादोन इंच. सायरेन्सेस्टर म्हणजे रोमनांचे कोरिनियम, त्या काळातील ब्रिटनच्या मोठ्या नगरांपैकी एक. तिथे असा ब्रोच सापडणे अगदी स्वाभाविक. कागद जुना होता, शाई जुनी होती, मजकूर विश्वासार्ह होता. पण सव्वादोन इंच म्हणजे 57 मिलिमीटर, आणि कॅटलॉगातच छापलेली ब्रोचची लांबी होती 66 मिलिमीटर. कॅटलॉग मिलिमीटरमध्ये बोलतो आणि चिठ्ठी इंचात, त्यामुळे दोन आकडे शेजारीशेजारी असूनही कोणाच्या डोळ्यांत येत नाहीत. गंजाने पृष्ठभाग थोडा फुगतो हे खरे. पण त्यामुळे ब्रोच 9 मिलिमीटरने लांब होत नाही.

मग ही चिठ्ठी होती कोणाची? ग्रामीण भागातील छोट्या लिलावांचे जुने निकाल छायाचित्रांसह अनेक ठिकाणी पाहायला मिळतात. ते चाळताना काही वर्षांपूर्वीच्या एका किरकोळ लॉटचे छायाचित्र सापडले : खोक्यात तुटके ब्रोच, बकले, एक किल्ली, आणि त्यांतल्या टाचणी नसलेल्या एका ब्रोचला बांधलेली हीच चिठ्ठी; तेच अक्षर आणि भोकाजवळ तोच शाईचा डाग. म्हणजे कोणीतरी ते खोके चिठ्ठ्यांसाठीच घेतले होते. तुटका पण अस्सल ब्रोच बाजूला गेला, आणि त्याचा पूर्वेतिहास नव्या ओतकामाला चिकटवण्यात आला. माझ्या मते माझ्या पैशांपेक्षा हे नुकसान मोठे आहे. तो खरा ब्रोच आज कुठे असेल तिथे ‘सापडल्याचे ठिकाण अज्ञात’ झाला आहे, आणि अशा वस्तूकडून अभ्यासकाला मिळण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट तिचे ठिकाणच असते. कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयातील पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती घ्या : ती ब्रह्मपुरीच्या टेकडीवर मिळाली हे ठाऊक आहे म्हणूनच भूमध्यसमुद्र आणि दख्खन यांच्या व्यापाराविषयी ती काही सांगते, ते ठिकाण पुसले, तर ती केवळ एक देखणी मूर्ती उरेल.

ही युक्ती नवी नाही, आणि तिला केवळ हौशी माणसेच बळी पडतात असेही नाही. बोल्टन शहराच्या संग्रहालयाने 2003 मध्ये ‘अमर्ना राजकन्या’ म्हणून एक इजिप्शियन मूर्ती सुमारे 4,40,000 पौंडांना घेतली; ती शॉन ग्रीनहॉल्श याने घरी घडवली होती. तिच्याबरोबर दाखवलेला 1892 चा डेव्हनमधील सिल्व्हर्टन पार्कच्या लिलावाचा कॅटलॉग मात्र खरा होता आणि त्यातल्या इजिप्शियन मूर्तींच्या मोघम उल्लेखात ही ‘राजकन्या’ सहज बसवता आली. याच ग्रीनहॉल्श कुटुंबाने रिस्ली पार्कची रोमन चांदीची तबकडी, जी अठराव्या शतकात सापडून नंतर नाहीशी झाली होती, ‘पुन्हा सापडली’ म्हणून पुढे आणली, आणि ती थेट ब्रिटिश म्युझियमपर्यंत पोहोचली. 2007 मध्ये ग्रीनहॉल्शला शिक्षा झाली. दोन्ही वेळी कागद अस्सल होता. वस्तू तेवढी त्याच्या मापाने बेतलेली होती. माझ्या ब्रोचवाल्याने मापही घेतले नव्हते.

कॅटलॉगातल्या आणखी एका आश्वासनाबद्दल लिहिणे आवश्यक आहे. चोरीच्या कलावस्तूंच्या नोंदवहीत लॉट तपासल्याचा उल्लेख अनेक जण अस्सलपणाचा दाखला समजतात. त्या तपासणीचा अर्थ एवढाच, की ही वस्तू चोरीला गेल्याची नोंद नाही. परवा ओतलेला ब्रोच अर्थातच कोणी चोरलेला नसतो, त्यामुळे तो या परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळवतो. विक्रेत्याने स्वतःच सही केलेल्या ‘सर्टिफिकेट ऑफ ऑथेंटिसिटी’विषयी तर न बोललेलेच बरे.

इंग्लंड आणि वेल्समध्ये सापडलेल्या वस्तूंसाठी याहून चांगला आधार विनामूल्य उपलब्ध आहे. 1997 पासून चालणाऱ्या पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमच्या नोंदवहीत पंधरा लाखांहून अधिक वस्तू छायाचित्र, वजन आणि मापांसह आहेत, आणि त्यांत ट्रम्पेट ब्रोचही भरपूर आहेत. त्यांच्या मागच्या बाजूची छायाचित्रे तासभर पाहिली, तर अस्सल स्प्रिंग कशी दिसते हे कुठल्याही वर्णनापेक्षा चांगले समजते. लॉटसोबत नोंदक्रमांक दिलेला असेल तर तो उघडून छायाचित्रातील ओरखडेही ताडून पाहावेत, कारण चिठ्ठी जशी हलवता येते तसा क्रमांकही हलवता येतो. त्याखेरीज पूर्वीच्या विक्रींमध्ये जुळी वस्तू शोधावी. माझ्या ब्रोचच्या पायाच्या कडेला जो टवका होता, तोच, त्याच जागी, दुसऱ्या देशात विकल्या गेलेल्या एका ब्रोचवर मला दिसला. दोन ब्रोच एकाच साच्यातून निघू शकतात. पण अठराशे वर्षे जमिनीत राहून दोघांना एकसारखा टवका पडत नाही.

लिलावगृहाची वागणूक सभ्य होती, एवढे म्हणता येईल. त्यांच्या अटींप्रमाणे नकली वस्तूची लेखी तक्रार 21 दिवसांत, दोन तज्ज्ञांच्या मतासह करावी लागते. तज्ज्ञ कोण हे मात्र उभयपक्षी मान्य असावे लागते, आणि ती मान्यता मिळवण्यातच मुदत सरते. अखेर त्या खोक्याचे छायाचित्र पाठवल्यावर ‘सदिच्छा म्हणून’ हातोड्याची किंमत परत मिळाली. प्रीमियम आणि संकेतस्थळाचे शुल्क मिळाले नाही. ब्रोच चिठ्ठीसह परत करावा लागला, आणि तो नष्ट करणार की विकायला देणाऱ्याला परत करणार, या माझ्या लेखी प्रश्नाला उत्तर आलेले नाही. तेव्हा तो पुन्हा कुठे विक्रीला दिसला तर ओळखण्याच्या खुणा अशा : लांबी 66 मिलिमीटर, पायाच्या डाव्या कडेवर त्रिकोणी टवका, पसरट डोक्याच्या आत तीन गोल खड्डे, त्यांतले दोन एकमेकांना लागून, आणि टाचणीच्या मुळाशी, मागच्या बाजूला, हिरवा रंग निघून पिवळा धातू दिसणारी तांदळाच्या दाण्याएवढी जागा, अर्थात ती पुन्हा रंगवली नसेल तर.