आईला घेऊन सिनेमा: मॉल की गावातलं टॉकीज?

नाशकात गावातलं एक जुनं टॉकीज डागडुजी होऊन पुन्हा सुरू झालंय, तेव्हापासून ओळखीचे विचारतात, तिकडे जावं की आपला मॉल बरा? मी दोन्हीकडे जातो, म्हणून सांगतो.

चित्र आणि आवाजात मॉल उजवा, त्यात वाद नको. टॉकीजमध्ये प्रोजेक्टर डिजिटल, स्पीकर नवे. पण हॉल जुनाच, उंच. संवाद जरा घुमतात. पडदा मात्र ऐसपैस, आणि हाउसफुल्ल शोला शिट्ट्या पडतात त्या वेगळ्याच.

पैशांत टॉकीज परवडतं. सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटाला ५ टक्के जीएसटी, वरच्याला १८. टॉकीजच्या स्टॉलचं, म्हणजे खालच्या खुर्च्यांचं, तिकीट शंभराच्या आतच बसतं. पॉपकॉर्नचं न बोललेलं बरं.

माझं गाडं अडलं ते भलत्याच ठिकाणी. मॉलमध्ये आत जाताना सरकता जिना, गालिचा, सगळा थाट. सिनेमा संपला की पडद्याशेजारचं दार उघडतं आणि मागच्या जिन्याने खाली पिटाळतात. एक दिवा लागलेला, एक गेलेला, कोपऱ्यात कचऱ्याच्या काळ्या पिशव्या. आईच्या गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरणं जड. लिफ्टचं विचारलं तर, "ती आत यायची आहे, इकडूनच जा." आई कठडा धरून एकेक पायरी उतरतेय आणि मागून अख्खा शो घाईत. सगळीकडे असंच असेल असं नाही म्हणत, पण आम्ही तिथे जाणं कमी केलं.

टॉकीजचा स्टॉल तळमजल्यावर. बाजूचं दार उघडलं की थेट आवार, फाटकाशी रिक्षा. दुरुस्तीत दारापाशी पायरीऐवजी उतार केलाय आणि गर्दी ओसरेपर्यंत डोअरकीपर दार धरून उभा असतो.

फाळक्यांनी १९१३ मध्ये मुंबईत 'राजा हरिश्चंद्र' दाखवला आणि मग कंपनी नाशकात हलवली; पण त्या वारशाखातर टॉकीजला जा, असं मी म्हणणार नाही. वारसा काही गाडी लावायला जागा देत नाही. चारचाकी घरीच ठेवा, सिटीलिंकच्या बसने शालिमारला उतरा.

कॉलेजची पोरं असतील, इंग्रजी मारधाड बघायची असेल तर मॉलच. घरची वडीलधारी बरोबर असतील तर मी टॉकीजकडे झुकेन. बाल्कनी मात्र घेऊ नका, जिना उभा आहे. स्टॉलमध्येही बाल्कनीखालच्या रांगांत आवाज दबतो. तिकीट खिडकीवर त्यांच्या पुढची रांग मागा.