आठ महिने मतांचं पान वाचल्यावर

दिवाळीनंतर घरी एका स्थानिक दैनिकाची वर्षाची वर्गणी भरली. बातम्या मोबाइलवर मिळतातच, पेपर घेतला तो लेखांच्या आणि वाचकांच्या पत्रांच्या पानासाठी. नाव मुद्दाम देत नाही.

पंचगंगेच्या प्रदूषणावर, रंकाळ्यावर इथलीच माणसं लिहितात, खेड्यातून आलेली पत्रंही छापतात. याचं मोल मला फार वाटतं.

खटकलं ते हद्दवाढीच्या, म्हणजे आसपासची गावं शहराच्या हद्दीत घेण्याच्या, वादावेळी. 1972 साली महापालिका झाली, तेव्हापासून कोल्हापूरची हद्द तेवढीच आहे. आम्ही हद्दीला लागूनच्या गावात राहतो, त्यामुळे हा विषय आमच्या जेवणाच्या ताटापर्यंत आलेला. हद्दवाढीच्या बाजूने अर्धं पान लेख आला, खाली तिरप्या अक्षरांत ‘लेखक सामाजिक कार्यकर्ते आहेत’. त्याच अंकात आत त्याच गृहस्थांच्या प्लॉटची जाहिरात होती. त्यांनी मत जरूर मांडावं, पण पैसे जमिनीत गुंतलेत हे लेखाखाली यायलाच हवं.

मी पत्र पाठवलं : ‘हद्दवाढीला माझा विरोध नाही, पण आधी पाण्याची लाईन कधी येणार आणि घरफाळा किती बसणार ते लेखी सांगा.’ छापताना पहिला अर्धा भाग गेला आणि मथळा पडला ‘हद्दवाढ नकोच’. सकाळी ग्रामपंचायतीसमोर दोघांनी पाठ थोपटली, दुपारी शहरातल्या मेहुण्याने फोनवर झापलं. दोन्हीकडे सांगून सांगून थकलो की मी असं लिहिलंच नव्हतं.

पत्रं निवडायचा, त्यांचा सारांश छापायचा हक्क प्रेस कौन्सिलचे (वृत्तपत्रांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारी संस्था) नियम संपादकाला देतात. मात्र वादाच्या विषयात छापलेलं एकतर्फी होऊ नये, असा प्रामाणिक प्रयत्नही त्याच नियमांत सांगितलाय. मी संपादकांना लेखी कळवलं. (कौन्सिलकडे जायचं तरी आधी हेच करावं लागतं, आणि दैनिकाविरुद्धची तक्रार दोन महिन्यांच्या आत द्यावी लागते.) नवव्या दिवशी खुलासा आला, आतल्या पानावर, खाली कोपऱ्यात. पत्राच्याच जागी यायला हवा होता.

‘मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही’ ही ओळ रोज छापलेली असते. मत लेखकाचं, मान्य. पण लेखक कोण आणि त्याचं त्यात काय आहे, हे वाचकाला संपादकाशिवाय कोण सांगणार? ज्यांचं म्हणणं कुणी छापत नव्हतं त्यांच्यासाठी 1920 साली ‘मूकनायक’ निघालं, तेव्हा शाहू महाराजांनी त्याला पैशाची मदत केली. त्यांच्या गावात एका पत्रातलं अर्धं वाक्य गाळणं मला लहान गोष्ट वाटत नाही.

वर्गणी पुन्हा भरणार आहे. परवा घरफाळ्यावर नवं पत्र दिलं, झेरॉक्स काढून ठेवलीय.