धंतोलीतील मधुमेहाचा दवाखाना : नव्या औषधांविषयी विचारायचे असेल तर

माझ्या आईला चौदा वर्षांपासून मधुमेह आहे. २०२१च्या एप्रिलमध्ये कोरोनामुळे तिला भरती करावे लागले, तेव्हा स्टेरॉइडमुळे तिची साखर चारशेच्या वर गेली आणि इन्सुलिन सुरू झाले. सुटी मिळाल्यावरही डोळ्याभोवती सूज तर नाही ना, हे आम्ही रोज बघत होतो, कारण त्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिसची, म्हणजे काळ्या बुरशीच्या आजाराची धास्ती नागपुरातल्या प्रत्येक मधुमेही घराने घेतली होती. तेव्हापासून ‘मधुमेह आणि कोरोना, दोन्हींवर चालेल असे नवे औषध निघाले का’, हे ती प्रत्येक डॉक्टरांना विचारते. धंतोलीतील या दवाखान्यात तिला पहिल्यांदा नीट उत्तर मिळाले.

डॉक्टरांनी चिठ्ठीच्या पाठीमागे पेनने एक पेशी काढली आणि तिला दोन दारे दाखवली. आई घेते ती सिटाग्लिप्टिनची गोळी डीपीपी-४ या विकराला (एन्झाइमला) अडवते, आणि कोरोनाच्याच कुळातल्या मर्स या आजाराचा विषाणू नेमक्या त्याच विकराला धरून पेशीत शिरतो, हे २०१३ मध्ये उघड झाले. त्यामुळे कोरोनातही या गोळीकडून आशा बाळगली गेली. परंतु कोरोनाचा विषाणू मुख्यतः एसीई-२ या दुसऱ्या दाराने आत येतो आणि त्यावरचा उपचार म्हणून ही गोळी मान्य झालेली नाही. डॅपाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या दुसऱ्या औषधाची कोरोनाच्या १,२५० रुग्णांवर चाचणी झाली, पण २०२१ मध्ये आलेल्या निकालात ठोस फायदा दिसला नाही. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्याच औषधाची गोष्ट अधिक विचार करायला लावणारी आहे. अमेरिकेतील चाचणीत जास्त वजनाच्या लोकांना कोरोना होताच चौदा दिवस हे औषध दिले, तेव्हा पुढील दहा महिन्यांत दीर्घ कोविडचे (कोरोनानंतर रेंगाळणाऱ्या त्रासाचे) निदान १०.४ टक्क्यांऐवजी ६.३ टक्के लोकांत झाले. मात्र आजार गंभीर होऊ न देण्याचा त्या चाचणीचा मूळ हेतू साधला नव्हता. एवढे सांगून डॉक्टर म्हणाले, “काकू, तुमच्या गोळ्या साखरेसाठी आहेत. ताप आला म्हणून मनाने वाढवू नका.”

औषध-चाचणीत भाग घेण्याविषयी विचारल्यावर त्यांनी आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची) चाचणी-नोंदवही संगणकावर उघडून दाखवली. औषधांच्या चाचण्यांची तिथे नोंद करणे २००९ पासून सक्तीचे आहे, म्हणून कोणीही बोलावले तर आधी नोंदणी क्रमांक मागावा, नीतिसमितीची मंजुरी पाहावी आणि संमतीपत्र मराठीत वाचल्याशिवाय सही करू नये, असे त्यांनी सांगितले. या दहा मिनिटांसाठी मी इथली फी आनंदाने देतो.

व्यवस्था मात्र सुधारायला हवी. उपाशीपोटीचे रक्त साडेसातला घेतात, डॉक्टर साडेदहानंतर येतात आणि जेवणानंतरच्या तपासणीची वेळ काउंटरवर कोणी लिहून देत नाही. एकदा इन्सुलिन घेऊन बसलेल्या आईचे हात थरथरू लागले, तेव्हा समोरच्या टपरीवरून साखर आणावी लागली. वृद्ध रुग्णांच्या दवाखान्यात हे घडता कामा नये, आणि मी ते तिथे लेखी कळवले आहे. नंबर लावतानाच दुसऱ्या नमुन्याची वेळ विचारून घ्या, पोळीभाजीचा डबा सोबत ठेवा आणि कोरोनाच्या वेळचे डिस्चार्ज कार्ड न्या. डॉक्टर ते मागतात आणि शेवटच्या पानापर्यंत वाचतात.