चौदा इंची ओएलईडी लॅपटॉप: हिरवी रेघ येण्याआधी आणि आल्यानंतर

सप्टेंबरात, दिवाळी अंकांची प्रुफं भरात असताना, पडद्याच्या उजव्या बाजूला वरपासून खालपर्यंत एक बारीक हिरवी रेघ उगवली. आधी वाटलं, रेघ पीडीएफमध्येच आहे, मांडणी करणाऱ्याने गाइडलाइन तशीच ठेवली असणार. त्याला फोन करून दोन शब्द सुनावलेही. मग फाइल बंद केली तरी रेघ जागच्या जागी. डेस्कटॉपवर, ब्राउझरवर, अगदी लॅपटॉप चालू होताना कंपनीचं चिन्ह येतं त्याच्यावरसुद्धा. वॉरंटी संपायला महिनाभर राहिला होता, म्हणजे यंत्राने निदान वेळ तरी बरी साधली.

सेवा केंद्राशी झालेल्या भांडणाचं पुढे सांगते. गेल्या दिवाळीच्या सेलमध्ये ८४,९९० रुपयांना घेतलेला हा चौदा इंची, १६:१० पडद्याचा (म्हणजे रुंदी सोळा भाग तर उंची दहा), २.८के ओएलईडी लॅपटॉप; ओएलईडी म्हणजे पडद्याचा प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो. कंपनीचं नाव लिहीत नाही. ज्यांच्याकडे आहे ते ओळखतीलच, आणि या किमतीत चार कंपन्या जवळजवळ हीच वस्तू विकतात. प्रोसेसर, रॅम वगैरे सगळ्यांना पाठ असतं, त्यावर शाई घालवत नाही. १६ जीबी मला पुरते, पंखा ऐकू येत नाही, कीबोर्ड बरा आहे, स्पीकर असून नसून सारखे. मला बोलायचंय ते पडद्याबद्दल, आणि त्यातही पडद्याच्या उंचीबद्दल.

मी मुद्रितशोधन करते. कादंबरी असो की कथासंग्रह, बहुतेक कामं डेमी आकाराची, म्हणजे पान साधारण १४ बाय २१.५ सेंटिमीटर. हे पान छापलं जाईल त्याच आकारात, वरपासून खालपर्यंत, न सरकवता दिसावं एवढी माझी मागणी. पान सरकवत वाचलं की चुका सुटतात. खालच्या ओळीला येईपर्यंत वरच्या परिच्छेदातलं नाव ‘सुनीता’ होतं की ‘सुनिता’ हे डोळ्यांतून गेलेलं असतं.

आधीचा लॅपटॉप १५.६ इंची होता, १६:९ वाला. तो सोडून चौदा इंची घेताना घरात सगळ्यांनी वेड्यात काढलं. ‘अहो, लहान पडदा घेताय, चष्म्याचा नंबर वाढेल,’ वगैरे. म्हणून मी शिवणकामाची टेप घेतली आणि मोजलं. १५.६ इंची १६:९ पडदा ३४.५ सेंटिमीटर रुंद आणि १९.४ सेंटिमीटर उंच. चौदा इंची १६:१० पडदा ३०.२ रुंद आणि १८.८ उंच. उंचीत फरक सहा मिलिमीटर! जे काही गमावलं ते रुंदीत, आणि त्या रुंदीत माझ्या पानाच्या दोन्ही बाजूंना राखाडी रंगाशिवाय काही नव्हतं. बदल्यात पिशवीचं वजन पाऊण किलोने उतरलं. शनिवार पेठेतल्या प्रेसचे तीन जिने चढून गेलं की पाऊण किलो म्हणजे काय ते कळतं.

हे इंचाचं मोजमाप म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतची तिरकी रेघ, आणि ती फार फसवी आहे. पडदा जितका लांबट, तितकी त्याच इंचात काच कमी लागते. चौदा इंचाचाच हिशेब करा: ४:३ आकारात ९४ चौरस इंच पडदा मिळतो, १६:१० मध्ये ८८ आणि १६:९ मध्ये ८४. खोक्यावर तिन्ही ठिकाणी आकडा तोच, चौदा. २००८ ते २०१० च्या सुमारास सगळ्या कंपन्या १६:१० सोडून १६:९ कडे वळल्या, कारण टीव्हीचे पडदेही त्याच प्रमाणाचे होते आणि काचेच्या मोठ्या तावातून एकाच मापाचे तुकडे कापणं स्वस्त पडत होतं. गिऱ्हाइकाला सांगितलं काय, तर ‘सिनेमा पाहायला उत्तम’. सिनेमा घरात टीव्हीवर बघतात हो. लॅपटॉपवर लोक पानं वाचतात, पत्रं लिहितात, तक्ते भरतात.

त्याआधीचा काळ आठवून बघा. आयबीएमच्या जुन्या थिंकपॅडना १४.१ इंची ४:३ पडदा असायचा. त्याची उंची काढली तर २१.५ सेंटिमीटर येते. आजचा सोळा इंची १६:१० पडदा घेतला की त्याचीही उंची तेवढीच, २१.५! म्हणजे वीस वर्षांनी, दोन इंच वाढवून, आपण उंचीच्या बाबतीत होतो तिथेच परत आलो आणि त्याला प्रीमियम म्हणतो.

त्यातही विंडोजने भर घातली. पूर्वी टास्कबार डाव्या कडेला उभा लावता यायचा, खालची पट्टी वाचायची. विंडोज ११ आली तेव्हा ती सोय काढून टाकली. पडदे लांबट झाले आणि पट्टी मात्र खालीच सक्तीची. त्यात ब्राउझरच्या टॅब, पीडीएफ वाचकाचा मेनू, त्याखाली अवजारांची ओळ. १८.८ सेंटिमीटरमधून हे सगळं वजा केलं तर पानासाठी पंधरा-सोळा सेंटिमीटर उरतात. मी टास्कबार लपवते आणि पीडीएफ पूर्ण पडद्यावर उघडते. तेव्हा डेमी पान ८५ टक्के आकारात सबंध बसतं. हे चालतं, कारण पडद्याची घनता.

इथे मात्र मनापासून कौतुक. २८८० बाय १८०० म्हणजे इंचाला २४३ ठिपके. जुन्या १५.६ इंची फुल एचडीला इंचाला १४१ होते. रोमन लिपीवाल्यांना हा फरक चैनीचा वाटेल, देवनागरीत तो कामाचा आहे. आपल्या अक्षराला वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार, आणि मध्ये जोडाक्षराची गर्दी. जुन्या पडद्यावर ‘शुद्ध’ आणि ‘शुध्द’ सारखेच दिसायचे. १५० टक्के मोठं केल्याशिवाय मी सही द्यायचे नाही. ‘रु’ आणि ‘रू’ तर अंदाजानेच. या पडद्यावर ८५ टक्क्यांतही ध ला द जोडलाय की द ला ध, हे लख्ख कळतं. पहिल्याच महिन्यात एका कवितासंग्रहात सोळा ठिकाणी उलटं जोडलेलं ‘द्ध’ सापडलं, आणि तो संग्रह आधी दोघांच्या डोळ्यांखालून गेला होता. त्या दिवशी या लॅपटॉपला पाच तारे दिले असते.

मग तारे गळायला लागले. ओएलईडीत काळा भाग म्हणजे विझलेले ठिपके आणि पांढरा भाग म्हणजे सगळे पेटलेले. जाहिरातीत रात्रीच्या आकाशाचं चित्र असतं. माझ्या पडद्यावर दिवसभर पांढरं पान. साहजिकच बॅटरी सांगितल्यापेक्षा बरीच लवकर बसते. ‘डार्क मोड लावा’ असा सल्ला देणाऱ्यांनी काळ्या कागदावर छापलेलं पुस्तक मला दाखवावं. दुसरं, बऱ्याच ओएलईडी पडद्यांचा प्रकाश कमी केला की ते मंद होण्याऐवजी भराभर उघडझाप करतात. डोळ्याला दिसत नाही, पण रात्री दीड-दोन तासांनी कपाळ जाणवायला लागतं. सेटिंगमध्ये यावर तोडगा होता, तो मला मार्चमध्ये सापडला. आणि तिसरं, काच. आमच्या हॉलमधली ट्यूबलाइट तिच्यात अशी स्पष्ट दिसते की पट्टीवरचं वॅटेज वाचता येईल. मॅट पडदा हवा होता. या किमतीत ओएलईडी आणि मॅट एकत्र मिळेना.

आता रेघेचं. सेवा केंद्रातल्या मुलाने लॅपटॉप उलटासुलटा केला, झाकणाच्या कडेवर एक पुसटसा ओरखडा शोधला आणि म्हणाला, “मॅडम, हे सीआयडी आहे.” म्हणजे गिऱ्हाइकाने केलेलं नुकसान. वॉरंटी बाद. पॅनल ३८,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ४४,८४०. लॅपटॉपच्या अर्ध्याहून जास्त. मी विचारलं, “कडेच्या ओरखड्याने आत उभी रेघ कशी आली, ते जॉबशीटवर लिहून द्याल का?” तो म्हणाला, तसं लिहायची पद्धत नाही. मग मी म्हटलं, “तसं असेल तर ‘कारण देण्यास नकार’ एवढंच लिहा, मी सही करते.” तो आत गेला. बाहेर आलेल्या मॅनेजरने मला चहा विचारला, लिहून मात्र काही दिलं नाही.

घरी येऊन राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवली. बिल, जॉबशीट, रेघेचे आणि ओरखड्याचे फोटो, सगळं जोडलं. ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांनी दोन गोष्टी कराव्यात: लॅपटॉप देण्याआधी त्यांच्याच काउंटरवर चारही कडांचे फोटो काढावेत, आणि जॉबशीटची प्रत घेतल्याशिवाय उठू नये. तोंडी भांडणाला शून्य किंमत आहे.

(इथवर लिहून ठेवलं होतं, तेवढ्यात कंपनीचा फोन आला. ‘सद्भावना म्हणून’ पॅनल फुकट बदलून देणार म्हणाले, आणि दिलं. सद्भावना हेल्पलाइनच्या तक्रारीनंतरच जागी झाली ही नोंद राहू द्या. सेवेला शून्य तारे लिहिले होते, ते एक करते.)

पण पॅनल यायला वेळ लागला, आणि मधल्या काळात माझं मत बदललं. अंक थांबत नाहीत, म्हणून भाच्याकडून त्याचा २४ इंची मॉनिटर आणला. तो स्टँडवर उभा फिरवता येतो. उभा केला तर उंची ५३ सेंटिमीटर. डेमीची दोन पानं, एकाखाली एक, पूर्ण आकारात. पहिले दोन दिवस मी खुशीत होते. उन्हाळ्यापर्यंत मी छातीठोक सांगत होते की पुढचा लॅपटॉप सोळा इंचीच घेणार, उंची हवी तर वजन सोसायचं. आता तसं म्हणणार नाही. उंची टेबलावर ठेवता येते, ती पाठीवर वाहायची गरज नाही. मात्र मॉनिटर फुल एचडी, इंचाला ९२ ठिपके, म्हणजे ‘द्ध’ पुन्हा धूसर. सबंध पान बघायला मॉनिटर आणि अक्षर बघायला रेघ आलेला लॅपटॉप, अशी दोन डोळ्यांची दोन कामं महिनाभर चालली.

आमच्या घरात यावर एकमत होणं शक्य नाही. नवरा हिशेबाची कामं करतो. त्याला रुंदी हवी, एक्सेलचे रकाने दिसायला हवेत, आणि बाजूचा नंबरांचा कीपॅड हवाच. त्या कीपॅडमुळे सबंध कीबोर्ड डावीकडे ढकलला जातो आणि मान वाकडी करून टाइप करावं लागतं, हे त्याला पटत नाही. त्याला मी एकच आकडा दाखवला: सोळा इंची १६:१० ची रुंदी ३४.५, म्हणजे त्याच्या लाडक्या १५.६ एवढीच, आणि उंची दोन सेंटिमीटर जास्त. यावर तो गप्प बसला, पण पटलं म्हणाला नाही.

पुढच्या लॅपटॉपमध्ये काय असावं? ३:२ प्रमाण परत सर्रास यावं असं मला वाटतं. मायक्रोसॉफ्टच्या सरफेसने २०१४ पासून ते चालवलंय, फ्रेमवर्क या कंपनीच्या १३.५ इंची लॅपटॉपलाही तेच आहे. गंमत म्हणजे १३.५ इंची ३:२ पडदा १९ सेंटिमीटर उंच भरतो, माझ्या चौदा इंचीपेक्षा उंच, आणि रुंदीला दीड सेंटिमीटर कमी. फ्रेमवर्कचं मला दुसरंही आवडलं: पडद्याभोवतीची चौकट चुंबकाने बसते, ती काढून मालकाने स्वतः पॅनल बदलायचं. ४४,८४० रुपयांचा कागद हातात घेऊन बसलेल्या बाईला ही गोष्ट किती गोड वाटते ते सांगता येत नाही.

घड्या घालणारे आणि दोन पडद्यांचे लॅपटॉप मी व्हिडिओतच पाहिलेत. मन खरं हललं ते लेनोव्होच्या गुंडाळी पडद्याने. २०२५ च्या जानेवारीत दाखवलेला हा थिंकबुक बटण दाबलं की चौदा इंचांवरून वर वाढत १६.७ इंची होतो, तेव्हा पडद्याची उंची भरते साधारण ३२ सेंटिमीटर. उभा ए४ कागद २९.७ सेंटिमीटर असतो, म्हणजे तो सबंध मावतो. उंचीसाठीच केलेलं यंत्र म्हणून त्या लोकांना माझा नमस्कार. किंमत मात्र ३,४९९ डॉलरपासून जाहीर केली होती, आणि आत मोटर आहे. साध्या पॅनलवर रेघ आली तर आमच्याकडे ओरखडे शोधतात. मोटर अडकली तर काय शोधतील?

टच नको, छपाईची प्रुफं बोटाने पुसायची नाहीत. एचडीएमआय हवंच. टाइप-सी दोन्ही बाजूंना हवं, कारण आमच्या घरातले प्लग डावीकडे आहेत आणि प्रेसमधले उजवीकडे.

नवीन पॅनलला फक्त ९० दिवसांची हमी दिलीय, म्हणून नाइलाजाने वाढीव वॉरंटीही घेतली, कुरकुरत. मोठ्या माणसाला साधी मॅट पाटी हवी आहे, बाकी काही नाही: १३.५ किंवा चौदा इंच, ३:२, इंचाला दोनशेच्या वर ठिपके, एक लाखाच्या आत. कुणाच्या पाहण्यात आली तर कळवा. घाई नाही, दिवाळी अंकांचे पैसे फेब्रुवारीच्या आधी येत नाहीत.