पीएच पेन : मोजमाप चांगले, झाकण निकृष्ट

ज्या उपकरणाचा सारा जीव टोकावरच्या काचेच्या फुग्यात आहे, त्याला इतके निकृष्ट झाकण देण्याची बुद्धी उत्पादकाला कशी झाली असेल, हे मला अजून उलगडलेले नाही. तांत्रिक तपशील खोक्यावर छापलेले असतात, ते इथे उगाळत नाही. माझ्या टाकीत आफ्रिकेतील मलावी सरोवरातले म्बुना सिक्लिड मासे आहेत. त्यांना 7.8 ते 8.6 च्या दरम्यानचा पीएच मानवतो आणि त्याहीपेक्षा तो सारखा वरखाली न होणे मानवते. पाण्यात थेंब टाकून रंगावरून पीएच ओळखण्याच्या किटमधील 8.0 आणि 8.2 यांच्या छटा ट्यूबलाइटच्या उजेडात वेगळ्या ओळखणे माझ्या डोळ्यांना जमत नसल्यामुळे हा पेन घेतला.

सुरुवातीला तो निर्दोष चालला. 6.86 आणि 9.18 अशा ठरलेल्या पीएचच्या बफर द्रावणांत बुडवून कॅलिब्रेट केल्यावर, म्हणजे त्यांच्याशी आकडा जुळवून घेतल्यावर, आकडा पटकन स्थिर होत असे. मग एके दिवशी त्याने थेट 6.9 दाखवले आणि त्याच पाण्याला किट मात्र आठच्या आसपास ठरवत होते. झाकण काढून पाहिले तर आतला स्पंज ठणठणीत कोरडा होता आणि कडेला पांढऱ्या क्षारांची खरपुडी धरली होती. काचेचा फुगा पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणाने ओला राहिला नाही तर त्याचा प्रतिसाद मंदावतो आणि आकडा भरकटतो. या झाकणाला आत साधे रबरी कडेही नाही. नुसते दाबून बसवलेले प्लास्टिक असल्यामुळे पेन आडवा ठेवला की द्रावण झिरपते आणि उभा ठेवला तरी हळूहळू उडून जाते. त्यावर कडी म्हणजे माहितीपत्रकात फुगा डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवण्याचा सल्ला दिला आहे. तो साफ चुकीचा आहे, कारण तशा पाण्यात इलेक्ट्रोडमधील, म्हणजे फुग्यासकट पीएच मोजणाऱ्या भागातील, क्षार बाहेर ओढले जातात.

विक्रेत्याकडे तक्रार केली तेव्हा इलेक्ट्रोड ही झिजणारी वस्तू असल्याने ती वॉरंटीत बसत नाही, असे उत्तर आले. झाकणही झिजते का, असे विचारल्यावर ते 'ॲक्सेसरी'मध्ये मोडते असे कळवण्यात आले. म्हणजे उरले बटण आणि पडदा, आणि त्या दोहोंबद्दल माझी काहीच तक्रार नव्हती.

हा अभिप्राय तेव्हाच लिहिला असता तर एका ताऱ्यावर थांबलो असतो. पण टाकून देण्याआधी पेन रात्रभर पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात बुडवून ठेवला, पुन्हा कॅलिब्रेट केला आणि आकडा जागेवर आला. झाकण जिथे बसते तिथे नळकामाची टेफ्लॉन टेप गुंडाळली आहे. तेव्हापासून स्पंज ओला राहतो. जे काम उत्पादकाने करायचे ते टेपच्या दोन वेढ्यांनी केले, याचा राग मात्र गेलेला नाही.

त्यानंतर पेनचा खरा उपयोग कळला. दिवे लागण्यापूर्वी आणि संध्याकाळी, अशा दोन्ही वेळा नोंद ठेवू लागल्यावर सकाळचा आकडा नेहमी कमी येतो हे दिसले. रात्री साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा तो परिणाम असतो. हवेचा पंप रात्रभर चालू ठेवला की हा फरक बराच कमी होतो. पण पंप चालू असूनही पुढे सकाळचा आकडा आठवड्यागणिक घसरू लागला, तेव्हा केएचचे, म्हणजे पाण्यातील कार्बोनेट मोजण्याचे, थेंब टाकून पाहिले. निळा रंग पिवळा व्हायला फारच थोडे थेंब लागले, म्हणजे कार्बोनेट संपत आले होते. फिल्टरमधील जिवाणू 1 मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचे नायट्रेट करताना, कॅल्शियम कार्बोनेटच्या मापाने, सुमारे 7 मिलिग्रॅम क्षारता, म्हणजे हेच कार्बोनेट, खर्च करतात आणि म्बुना तर आपसांतली मारामारी विभागली जावी म्हणून मुद्दाम दाटीने ठेवलेले असतात, म्हणजे अमोनियाही जास्त. केएच शिल्लक आहे तोवर पीएच फारसा हलत नाही आणि संपला की कोसळतो. पेनला हे उशिरा कळते, केएचच्या स्वस्त बाटलीला आधी.

पीएच वाढवण्याच्या महागड्या भुकट्या मी त्यामुळे बंद केल्या आहेत. 50 लिटर पाण्यात 6 ग्रॅम खाण्याचा सोडा विरघळवला की केएच सुमारे 4 अंशांनी वाढतो आणि पीएच आठच्या थोडा वर स्थिरावतो. बदलायच्या पाण्यात तो आधीच मिसळतो. घसरलेला पीएच मात्र एका दिवसात वर खेचू नये. कारण 25 अंश तापमानाला पीएच 7 असताना एकूण अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, तर पीएच 8 ला तो पाच टक्क्यांच्या वर जातो. केएच टिकावा म्हणून फिल्टरमध्ये प्रवाळाचा चुरा ठेवला आहे, पण पीएच आठच्या आसपास असताना तो फारच मंद विरघळत असल्यामुळे दाट टाकीत त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहता येत नाही.

नव्याने घेणाऱ्यांनी झाकण उघडून आत रबरी कडे आहे का ते पाहावे आणि इलेक्ट्रोड बदलता येणारा पेन मिळत असेल तर जास्तीचे पैसे तिथे घालावेत. माझ्या पेनमधला इलेक्ट्रोड चिकटवलेला आहे, त्यामुळे फुगा गेला की अख्खा पेन कचऱ्यात जाणार, आणि विक्रेत्याच्या हिशेबाने वॉरंटी तेव्हाही शाबूतच असेल.