कन्नड, जर्मन की जपानी? बेळगावच्या पोरांनी आधी काय धरावं

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मराठी मीडियमची पोरं बारावी झाली की विचारतात जर्मन करू का जपानी, कन्नडचं नाव कुणी काढत नाही कारण "ते बोलता येतंय की". येतंय, मान्य. बाजारात भाव करता येतो, बसमधे कंडक्टरशी भांडता येतं, पण शेताचा कन्नडमधला पहाणी उतारा (आपल्या सातबाऱ्यासारखा) हातात आला की वाचायला दुसरा माणूस शोधावा लागतो. माझं मत आधीच सांगतो, अर्धी आलेली भाषा आधी पुरी करा, मग बाहेरची धरा.

कन्नडमधे आपल्याला खरं नवीन म्हणजे लिपी. मुळाक्षरांचा क्रम आपल्यासारखाच, क्रियापद शेवटी, आणि वस्तूंना तो का ती हे पाठ करायची भानगड नाही, निर्जीव ते सगळं नपुंसक. फक्त ऱ्हस्व ए-ओ आणि दीर्घ ए-ओ वेगळे, तिथं सुरुवातीला गडबड होते. खर्च जवळजवळ शून्य. केपीएससी म्हणजे कर्नाटक लोकसेवा आयोगाच्या बऱ्याच पदांना कन्नडची सक्तीची परीक्षा असते, आणि हुबळी-धारवाडकडं सेल्स, बँक, हॉस्पिटल असलं काही करायचं तर तोडकंमोडकं कन्नड पुरत नाही. आणि हो, कन्नड वाचायला शिकलं म्हणजे सीमाप्रश्न सोडला असं होत नाही, ती केस २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, ती तिथं चालू दे, उतारा आपल्याला आज वाचायचाय.

जर्मन कुणी घ्यावं? नर्सिंग केलेल्यांनी तर डोळे झाकून. जर्मनीत नर्स म्हणून मान्यता मिळायला साधारण बी-टू लेव्हल (ए-वन ते सी-टू या सहा पायऱ्यांतली चौथी) लागते, आउसबिल्डुंग म्हणजे काम करत करत शिकायचा कोर्स, त्याला बहुतेक ठिकाणी बी-वन मागतात. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशीन) किंवा फाउंड्रीत काम शिकलेल्या पोरांनीपण या आउसबिल्डुंगकडं बघावं. भाषा सोपी नाही, पण तीन लिंगं आपल्याला नवीन नाहीत, इंग्लिशवाल्यापेक्षा आपलं डोकं तिथं लवकर बसतं. कटकट आहे ती विभक्तीप्रमाणं बदलणाऱ्या आर्टिकलची. आणि परीक्षेत वाचणं, ऐकणं, लिहिणं, बोलणं चारही असतं, रट्टा मारून पास होता येत नाही. मास्टर्सला जाणारी पोरं म्हणतात कोर्स इंग्लिशमधे आहे, जर्मन कशाला, पण तिथं पार्टटाइम काम शोधायला लागलं की समजतं कशाला ते.

जपानीचं उलटं. वाक्याची ठेवण मराठीसारखी, कर्ता आधी, क्रियापद शेवटी, शब्दाला मागनं प्रत्यय, म्हणून पहिले काही महिने एकदम सोपं वाटतं. मग कांजी, म्हणजे चिनीवरनं आलेली चित्रासारखी अक्षरं, येते आणि निम्मा क्लास रिकामा होतो. हिरागाना-काताकाना मिळून मूळ ९२ अक्षरं, ती पाठ होतात, कांजीला मात्र रोज बसावंच लागतं. जेएलपीटी ही जपानीची परीक्षा जुलै आणि डिसेंबरला, सोप्या एन-फाइव्हपासून अवघड एन-वनपर्यंत, आणि त्यात बोलायची परीक्षाच नाही, त्यामुळं सर्टिफिकेट असून तोंड न उघडणारे भरपूर. २०१९ पासून जपाननं स्पेसिफाइड स्किल्ड वर्करचा व्हिसा काढलाय, त्याला एन-फोर किंवा त्या तोडीची परीक्षा आणि कामाची टेस्ट. पण एजंट एक गोष्ट हळूच सांगतात, या व्हिसाच्या पहिल्या प्रकारात जास्तीत जास्त ५ वर्षं राहता येतं आणि फॅमिली नेता येत नाही. लग्न ठरत आलेल्यांनी हे घरात आधी बोलून घ्या.

चोर्ला घाटावरनं गोव्यात हॉटेल लाइनला जाणाऱ्यांनी कोकणीची वेगळी चिंता करू नका, मराठीवाल्याला ती कामावर येते. इंग्लिश सगळीकडं लागणारच, त्यावर काय बोलायचं.

म्हणजे नर्सिंग किंवा मशीनवाला असाल तर कन्नड आणि जर्मन, रोज बसायची चिकाटी असेल आणि काही वर्षं एकटं राहायची तयारी असेल तर कन्नड आणि जपानी, सरकारी नोकरी हवी असेल तर नुसतं कन्नड, पण लिहिण्यासकट. दोन परदेशी भाषा एकदम लावू नका, एकही धड येत नाही. आणि क्लासची फी भरायच्या आधी एवढं विचारा की सर्टिफिकेट गोएथे (जर्मनची परीक्षा घेणारी संस्था) किंवा जेएलपीटीचं मिळणार का क्लासचं स्वतःचं, क्लासच्या कागदावर व्हिसा होत नाही.