छोट्या खोलीत टॉवर की बुकशेल्फ?

चांगले बुकशेल्फ, म्हणजे स्टँडवर ठेवायचे लहान स्पीकर काही वर्षं ऐकले की पुढचा टप्पा टॉवरचाच, म्हणजे जमिनीवर उभ्या राहणाऱ्या उंच स्पीकरचाच, असं बहुतेकांनी मनात धरलेलं असतं. खोली ऐसपैस असेल तर त्यात काही वावगं नाही. पण खोली जेमतेम साडेतीन मीटर लांब असेल आणि स्पीकर भिंतीलगतच ठेवावे लागणार असतील, तर घाई करू नका. अशाच खोलीत, एकाच अँप्लिफायरवर मी दोन्ही जोड्या निवांत ऐकल्या आहेत.

टॉवरचं कौतुक मनापासून करतो. मोठा वाद्यवृंद त्यांच्यावर खरंच मोठा वाटतो. ड्रमचा ठोका अंगावर येतो आणि आवाज वाढवला तरी कुठे ओढाताण जाणवत नाही. बुकशेल्फमधला पाच इंची वूफर, म्हणजे खालचे सूर वाजवणारा पडदा, कितीही गुणी असला तरी एवढी हवा हलवणं त्याला जमत नाही. पार्टीसाठी किंवा सिनेमासाठी प्रामुख्याने घेणार असाल तर पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल.

टॉवर नकोत हा माझा निर्णय मात्र एकाच त्रासाने झाला. बेस गिटार एकेक सूर खाली उतरत येते, सगळे सूर नीट वाजतात, आणि मध्येच एक सूर फुगतो. तो लांबतो, गायकाच्या शब्दांवर पसरतो, पुढचा सूर सुरू झाला तरी हटत नाही. गाणं बदललं तरी फुगणारा सूर तोच. एकदा कानाने तो पकडला की गाण्यातलं लक्ष उडतं, आता तो येईल म्हणून आपण आधीच अवघडून बसतो.

हा दोष टॉवरचा नाही, खोलीचा आहे. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. समोरासमोरच्या भिंतींत ३.५ मीटर अंतर असेल तर ४९ हर्ट्झच्या आसपासचा सूर त्या दोन भिंतींमध्ये घुमत राहतो. बेस गिटारच्या सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या पडद्याशी (फ्रेटशी) वाजतो तो नेमका हाच. टॉवर तो पूर्ण ताकदीने वाजवतात, आपण त्याचेच तर पैसे मोजलेले असतात. लहान बुकशेल्फचा आवाज ६० हर्ट्झच्या खाली बहुधा क्षीण होऊ लागलेला असतो, त्यामुळे खोलीला घुमायला फारसं काही मिळतच नाही. त्यात भिंत जवळ असली की खर्ज आणखी वाढतो.

उपाय आहेत, पण माझं समाधान झालं नाही. अँप्लिफायरवरचा बेस कमी केला तर सगळाच खर्ज उतरतो, गायकाचा आवाजही पातळ होतो आणि तो एक सूर बाकीच्यांपेक्षा वर तो वरच. पोर्टमध्ये, म्हणजे स्पीकरच्या पेटीला खर्जासाठी ठेवलेल्या भोकात, फोमचं बूच बसवल्याने फरक पडला, पण टॉवरचा रुबाबही गेला. खिडकीच्या पडद्यांचा इथे उपयोग नाही, कारण या सुराची तरंगलांबी सुमारे ७ मीटर असते. डिजिटल रूम करेक्शन, म्हणजे खोलीतला आवाज मोजून फुगणारे सूर आधीच कमी करणारी सोय, मात्र खरोखर काम करतं, निदान एका खुर्चीपुरतं. ते तुमच्याकडे असेल तर टॉवरविरुद्धचं माझं म्हणणं तुमच्यासाठी थोडं हलकं धरा.

दुकानात तुलना करताना एक गोष्ट सांभाळा. व्हॉल्यूमची खूण तीच ठेवली तरी टॉवर बरेचदा जास्त मोठ्याने वाजतात, आणि मोठा आवाज कानाला लगेच चांगला वाटतो. दोन्ही जोड्या सारख्या पातळीवर आणून ऐका. मी तसं ऐकल्यावर टॉवरची आघाडी बरीच कमी झाली, आणि गाणाऱ्याचा श्वास, तारेवरचा बोटांचा स्पर्श या बाबतीत मला बुकशेल्फच सरस वाटले. जवळ बसून ऐकायचं असेल तर त्याला कारणही आहे: टॉवरमधल्या अनेक ड्रायव्हरांचा, म्हणजे आवाज काढणाऱ्या पडद्यांचा, आवाज एकजीव व्हायला अंतर लागतं, आणि लहान खोलीत ते मिळत नाही.

तुमचे कान वेगळे असतील, खोलीही वेगळी असेल. तरीही मला विचाराल तर टॉवरसाठी ठेवलेल्या पैशांत वरच्या दर्जाचे बुकशेल्फ आणि भक्कम स्टँड घ्या. खर्ज कमी वाटलाच तर नंतर लहान सबवूफर, म्हणजे फक्त खर्ज वाजवणारा वेगळा स्पीकर, जोडा. ८० हर्ट्झच्या आसपास क्रॉसओव्हर ठेवला, म्हणजे त्याखालचे सूर सबवूफरकडे सोपवले, की तो सूर कमीत कमी फुगेल अशी जागा शोधत सबवूफर हवा तिथे सरकवता येतो, आणि स्टिरिओची मांडणी जागची हलत नाही.